सामायिक फाइलींचा टिकाऊ प्रवेश : अँड्रॉइडवरील ॲप-परवान्यांचे व्यवस्थापन

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, अंतिम वर्षाच्या प्रकल्प परीक्षेतला एक प्रसंग सांगून या पाठाची सुरुवात करतो. एका गटाने हजेरीचे ॲप बनवले होते. शिक्षकांनी हजेरीपत्रकाची फाइल एकदाच निवडून द्यायची, पुढे रोज ॲप स्वतःच ती उघडून त्या दिवसाची नोंद करणार, अशी त्याची रचना होती. आठवडाभर ॲप उत्तम चालले. परीक्षेच्या आदल्या रात्री बॅटरी संपून फोन बंद पडला. सकाळी तो चार्ज करून सुरू केला, बाह्य परीक्षकांसमोर ॲप उघडले आणि ते लगेच बंद झाले. पुन्हा उघडले, पुन्हा बंद. लॉगमध्ये चुकीचे नाव दिसत होते : सिक्युरिटी एक्सेप्शन.

गोंधळलेल्या गटाने सुचवलेला उपाय मला जास्त खटकला. "सर, फोनमधल्या सगळ्याच फाइलींची परवानगी मागून घेतो, म्हणजे प्रश्न मिटेल." चूक माझीही होती. ते ॲप मी प्रयोगशाळेत दोनदा पाहिले होते, पण "फोन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर चालते का?" हा साधा प्रश्न विचारला नव्हता.

या पाठात आपण तीन गोष्टी समजून घेणार आहोत. आठवडाभर चालणारा प्रवेश एका रात्रीत का गेला? तो टिकवायचा कसा? आणि तो टिकवण्यासाठी सगळ्या फाइलींची परवानगी मागणे हे चुकीचे उत्तर का आहे? कोडमधील नावे येथे देवनागरीत, शब्द सुटे करून लिहिली आहेत.

पत्ता वेगळा, अधिकार वेगळा

अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपला स्वतंत्र लिनक्स वापरकर्ता क्रमांक मिळतो. त्यामुळे एका ॲपच्या खासगी फाइली दुसऱ्याला दिसत नाहीत. प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत राहते, असे समजा. मग एका ॲपमधली फाइल दुसऱ्या ॲपला द्यायची कशी? त्यासाठी कंटेंट यूआरआय वापरतात. हा यूआरआय म्हणजे फाइलीचा पत्ता. पण पत्ता ठाऊक असला म्हणजे घरात शिरता येते असे नाही. त्या पत्त्यावर जाण्याचा अधिकार ऑपरेटिंग सिस्टिम वेगळा देते आणि त्याची नोंद स्वतःकडे ठेवते.

या पाठापुरते आपण दोन शब्द वेगळे ठेवू. फोन विचारतो ती "या ॲपला फोटो पाहू द्यायचे का?" अशी सरसकट मंजुरी म्हणजे परवानगी. एका ठरावीक यूआरआयसाठी, एका ठरावीक ॲपला, फक्त वाचण्याचा किंवा वाचण्या-लिहिण्याचा मिळालेला अधिकार म्हणजे परवाना. परवानगी प्रकारावर असते, परवाना वस्तूवर असतो. ऑपरेटिंग सिस्टिम या विषयात तुम्ही 'कॅपॅबिलिटी' ही संकल्पना शिकला असाल. डेनिस आणि व्हॅन हॉर्न यांनी ती १९६६ मधील शोधनिबंधात मांडली होती. ठरावीक वस्तूपुरता, ठरावीक क्रियांपुरता अधिकार हे तिचे सूत्र. यूआरआय परवाना त्याच विचाराच्या जवळचा आहे.

आता हजेरीच्या ॲपची चूक दिसेल. त्या गटाने निवडलेल्या फाइलीचा यूआरआय मजकूर म्हणून जपून ठेवला होता. पत्ता जपला, परवाना जपला नाही.

थोडी पार्श्वभूमी

अँड्रॉइडची फाइलींबाबतची भूमिका गेल्या काही वर्षांत हळूहळू बदलत गेली. हे टप्पे लक्षात ठेवा, कारण इंटरनेटवर सापडणारी बरीच जुनी उदाहरणे आज चालत नाहीत.

- २०१३ : अँड्रॉइड ४.४ मध्ये स्टोरेज ॲक्सेस फ्रेमवर्क आले. फाइल निवडण्याची खिडकी ॲपऐवजी सिस्टिम दाखवू लागली. टिकाऊ परवान्याची सोयही याच आवृत्तीत आली.
- २०१४ : अँड्रॉइड ५ मध्ये संपूर्ण फोल्डर निवडून देण्याची सोय झाली.
- २०१५ : अँड्रॉइड ६ पासून धोकादायक गटातील परवानग्या ॲप चालू असताना विचारल्या जाऊ लागल्या.
- २०१६ : अँड्रॉइड ७ साठी बनवलेल्या ॲपने थेट फाइल-मार्गाचा यूआरआय दुसऱ्या ॲपला दिला, तर चूक उद्भवू लागली.
- २०१९ आणि २०२० : अँड्रॉइड १० मध्ये स्कोप्ड स्टोरेज आले आणि ११ मध्ये ते सक्तीचे झाले. 'सर्व फाइलींचा प्रवेश' ही विशेष परवानगी ११ मध्येच आली.
- २०२२ आणि २०२३ : अँड्रॉइड १३ ने फोटो, व्हिडिओ आणि ऑडिओ यांच्या परवानग्या वेगळ्या केल्या. अँड्रॉइड १४ ने 'फक्त निवडलेले फोटो' हा पर्याय दिला.

शेवटच्या टप्प्यातली एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. अँड्रॉइड १३ व त्यापुढील आवृत्त्यांसाठी बनवलेल्या ॲपला स्टोरेज वाचण्याच्या जुन्या परवानगीचा काहीही उपयोग होत नाही आणि नव्या परवानग्यांत पीडीएफ किंवा स्प्रेडशीट येतच नाही. दुसऱ्या ॲपने तयार केलेला दस्तऐवज हवा असेल, तर तो वापरकर्त्याच्या हातून निवडून घेणे हाच सरळ मार्ग आहे.

प्लॅटफॉर्म तिकीट आणि मासिक पास

परवाना दोन प्रकारचा असतो, तात्पुरता आणि टिकाऊ. रेल्वेची उपमा घेऊ. प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालते. मासिक पास महिनाभर चालतो, पण तो खिडकीवर जाऊन काढावा लागतो. रोज त्याच स्थानकावर येता म्हणून कोणी तुम्हाला आपोआप पास देत नाही.

फाइल ॲपपर्यंत येण्याचे मुख्य मार्ग आणि त्यातून मिळणारा परवाना असा :

१. शेअर करून आलेली फाइल. तुम्ही एखाद्या ॲपमधून 'शेअर' दाबून दुसरे ॲप निवडता, तेव्हा फाइल घेणाऱ्या ॲपला सहसा तात्पुरता परवाना मिळतो. फाइल स्वीकारणाऱ्या स्क्रीनचा स्टॅक चालू आहे तोवरच तो टिकतो. पुढे लागणार असेल तर ॲपने त्याच वेळी आपल्या खासगी जागेत प्रत करून ठेवावी.

२. 'गेट कंटेंट' या विनंतीने निवडलेली फाइल. ही विनंती एकदाच वाचून घेण्यासाठी आहे. चित्र घेतले, वापरले, काम संपले. हिच्यावर टिकाऊ परवाना मिळेल असे गृहीत धरू नये. न देऊ केलेला टिकाऊ परवाना घेऊ पाहिलात, तर सिक्युरिटी एक्सेप्शन मिळेल.

३. 'ओपन डॉक्युमेंट' किंवा 'क्रिएट डॉक्युमेंट' या विनंतीने मिळालेली फाइल. येथे मिळणारा परवाना फोन पुन्हा सुरू होईपर्यंत टिकतो आणि तो टिकाऊ करून घेण्याची मुभाही सोबत मिळते. हजेरीचे ॲप याच पायरीवर थांबले होते. आठवडाभर फोन बंद झाला नाही, म्हणून चूक झाकली गेली.

४. 'ओपन डॉक्युमेंट ट्री' या विनंतीने मिळालेले फोल्डर. नियम वरीलप्रमाणेच, पण परवाना त्या फोल्डरमधील सर्व फाइलींना आणि उपफोल्डरांना लागू होतो. नंतर त्यात आलेल्या फाइलीही त्यात आल्या.

५. फोटो पिकर. यातून निवडलेल्या फोटोचा प्रवेश फोन पुन्हा सुरू होईपर्यंत किंवा ॲप थांबेपर्यंत असतो. अपलोडसारखे लांबणारे काम असेल तर तोही टिकाऊ करून घेता येतो.

टिकाऊ परवाना घेण्याच्या पायऱ्या

*पहिली पायरी, योग्य विनंती.* पुन्हा पुन्हा लागणाऱ्या फाइलीसाठी 'ओपन डॉक्युमेंट' वापरा. फाइलीचा प्रकारही सांगा. फक्त स्प्रेडशीट हवी असेल तर निवडीच्या खिडकीत फक्त तीच निवडता येऊ दे.

*दुसरी पायरी, परवाना उचलणे.* निकाल हाती येताच कंटेंट रिझॉल्व्हरची 'टेक पर्सिस्टेबल यूआरआय परमिशन' ही पद्धत बोलवा. तिला यूआरआय आणि वाचन-लेखनाचे फ्लॅग द्यावे लागतात. निकालासोबत जेवढे फ्लॅग आले असतील तेवढेच द्या. ॲपला फक्त वाचायचे असेल, तर वाचनाचाच फ्लॅग द्या. हीच ती पास काढायची खिडकी. हजेरीच्या ॲपमध्ये नेमकी ही एक ओळ नव्हती.

*तिसरी पायरी, नोंद.* यूआरआय तुमच्या डेटाबेसमध्ये ठेवा. सोबत फाइलीचे दिसणारे नाव आणि निवडल्याची तारीख ठेवली, तर पुढे काही बिघडल्यास वापरकर्त्याला 'अमुक फाइल पुन्हा निवडा' असे स्पष्ट सांगता येते.

*चौथी पायरी, दर वेळी पडताळणी.* ॲप सुरू झाल्यावर 'गेट पर्सिस्टेड यूआरआय परमिशन्स' या पद्धतीने हाती असलेल्या परवान्यांची यादी मागवा. आपला यूआरआय तिच्यात आहे का आणि लेखनाचा हक्क आहे का, ते पाहा. यादीत असला तरी फाइल उघडताना चूक येऊ शकते, हे धरून कोड लिहा. लेखनाचा परवाना असला म्हणजे फाइल लिहिण्याजोगी आहेच असेही नाही. ते दस्तऐवजाच्या स्वतःच्या फ्लॅगमधून कळते.

*पाचवी पायरी, परत करणे.* वापरकर्त्याने ॲपमधून ती फाइल काढून टाकली, की 'रिलीज पर्सिस्टेबल यूआरआय परमिशन' बोलवून परवाना परत द्या. ही पायरी वगळली तर चटकन काही बिघडत नाही, म्हणूनच ती सर्वाधिक वगळली जाते.

टिकाऊ प्रवेशही कधी तुटतो?

टिकाऊ म्हणजे कायमचा नव्हे. पुढील प्रसंग ॲप बनवतानाच गृहीत धरा.

*फाइल हलवली किंवा पुसली.* परवाना यूआरआयवर असतो. फोनच्या स्टोरेजवरील फाइलीच्या यूआरआयमध्ये तिचा मार्ग गुंफलेला असतो. त्यामुळे फाइलीचे नाव बदलले तरी जुना यूआरआय कुचकामी ठरतो.

*ॲप काढले किंवा त्याचा डेटा पुसला.* परवानेही जातात. पुन्हा स्थापना केल्यावर फाइल नव्याने निवडून घ्यावी लागते.

*नवा फोन घेतला.* ही जागा फसवी आहे. ॲपची साठवलेली सेटिंग्ज बॅकअपमधून नव्या फोनवर येऊ शकतात आणि त्यांच्यासोबत जुना यूआरआयही येतो. परवान्याची नोंद मात्र जुन्या फोनच्या सिस्टिमकडे होती. पत्ता आला, पास आला नाही. चौथी पायरी पाळली असेल तर ॲप बंद न पडता नम्रपणे फाइल पुन्हा मागेल.

*मर्यादा ओलांडली.* एका ॲपला ठेवता येणाऱ्या टिकाऊ परवान्यांना मर्यादा आहे. पूर्वी ती १२८ होती, अँड्रॉइड ११ पासून ५१२ आहे. त्यापुढे नवे परवाने घेतलेत तर सर्वांत जुने परवाने गुपचूप गळतात, ॲपला काही कळवले जात नाही. फोटो पिकरसाठी ही मर्यादा वेगळी, ५००० आहे. पाचवी पायरी वगळण्याचा परिणाम येथे दिसतो. शेकडो फाइलींवर काम करणाऱ्या ॲपने एक फोल्डर मागणे योग्य, कारण फोल्डरचा परवाना एकच मोजला जातो.

*क्लाउडवरचा हक्क गेला.* निवडीच्या खिडकीत क्लाउड सेवांचे फोल्डरही दिसतात. मित्राने तुमच्याशी शेअर केलेली फाइल तिथून निवडली, तर दोन दरवाजे असतात. एक फोनवरचा परवाना आणि दुसरा सर्व्हरवरचा, मित्राने दिलेला हक्क. मित्राने शेअरिंग बंद केले किंवा तुम्ही फोनवरून ते खाते काढले, तर पहिला दरवाजा उघडा असूनही दुसरा बंद असेल.

मग सगळ्या फाइलींची परवानगीच का मागू नये?

आता त्या गटाच्या सूचनेकडे वळू. तांत्रिक उत्तर असे की, हजेरीच्या एका फाइलीसाठी शिक्षकांच्या फोनमधील सामायिक स्टोरेजवरचे सगळे फोटो, बँकेची विवरणपत्रे, ओळखपत्रांच्या प्रती ॲपसमोर उघड्या होतात. ॲपमध्ये दोष राहिला किंवा त्यात वापरलेली एखादी बाहेरची लायब्ररी खोडसाळ निघाली, तर होणारे नुकसान तेवढ्याच आकाराचे असेल. अँड्रॉइड ११ नंतर निवडीच्या खिडकीतून अंतर्गत स्टोरेजचे मूळ किंवा डाउनलोड फोल्डर संपूर्ण देता येत नाही, यामागेही हाच विचार आहे. गूगल प्लेवर 'सर्व फाइलींचा प्रवेश' मागणाऱ्या ॲपला त्याची खरी गरज पटवून द्यावी लागते. फाइल मॅनेजर, बॅकअप, अँटीव्हायरस अशा कामांसाठी ती मान्य होऊ शकते. हजेरी त्यात बसत नाही.

दुसरे उत्तर आपल्या देशातल्या अनुभवातून येते. झटपट कर्ज देणाऱ्या काही ॲप्सनी कर्जदारांचे फोटो आणि संपर्क यादी उचलून वसुलीसाठी त्यांची बदनामी केल्याचे प्रकार घडले. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मधील डिजिटल कर्जविषयक मार्गदर्शक सूचनांत म्हटले की, कर्जाच्या ॲप्सनी फोनमधील फाइली व मीडिया, संपर्क यादी, कॉलनोंदी यांना हात लावू नये. ग्राहक जोडताना किंवा केवायसीसाठी कॅमेरा, मायक्रोफोन, स्थान यांचा प्रवेश स्पष्ट संमतीने एकदाच घेता येईल. २०२३ मध्ये गूगल प्लेनेही वैयक्तिक कर्जाच्या ॲप्सना फोटो आणि संपर्क पाहण्यास मनाई केली. त्या कर्जदारांनी 'परवानगी द्या' हे बटण दाबलेच होते. मागणी गरजेपेक्षा मोठी होती आणि प्रवेश चालूच राहिला, दोष तिथे होता.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम सांगतो की, संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. अभियंता म्हणून या वाक्याचे तुम्ही कोडमध्ये काय रूपांतर कराल? माझे उत्तर : ॲपमध्ये 'माझ्या फाइली' अशी एक साधी स्क्रीन असावी. कोणत्या फाइलींचा प्रवेश आपल्याकडे आहे हे तिथे दिसावे आणि प्रत्येकीसमोर 'प्रवेश काढा' हे बटण असावे. ते दाबले की पाचवी पायरी घडावी.

वापरकर्ता म्हणूनही एक सवय लावून घ्या. सेटिंग्जमध्ये ॲपच्या माहितीत परवानग्यांची यादी दिसते, पण फाइलींचे परवाने त्या यादीत नसतात. अनेक अँड्रॉइड फोनवर ॲपच्या स्टोरेज या भागात, परवाने दिलेले असतील तर, ते एकत्रित काढून घेण्याचे बटण मिळते. आपल्याच फोनवर ते शोधून पाहा.

आयफोनवर काय वेगळे?

तत्त्व तेच, नावे वेगळी. आयफोनवर डॉक्युमेंट पिकरमधून मिळालेला पत्ता 'सिक्युरिटी स्कोप्ड' असतो. तो वापरण्याआधी ॲपने प्रवेश सुरू केल्याचे आणि काम झाल्यावर थांबवल्याचे सिस्टिमला सांगावे लागते. सुरू केलेला प्रवेश थांबवला नाही, तर कर्नलमधील संसाधने गळत राहतात. पुढच्या वेळी तोच प्रवेश हवा असेल, तर त्या पत्त्यापासून 'बुकमार्क' तयार करून जपतात. बुकमार्क शिळा झाल्याचा इशारा मिळाला, तर तो नव्याने बनवावा लागतो. पत्त्याचा नुसता मजकूर जपणे येथेही पुरत नाही.

सारांश

त्या परीक्षेत गटाने फाइल पुन्हा निवडून प्रात्यक्षिक पूर्ण केले. दुपारी बसून आम्ही परवाना उचलणारी ओळ आणि सुरुवातीची पडताळणी घातली. फोन तीनदा बंद-चालू करून पाहिला. ॲप चालले आणि त्याच्याकडे शिक्षकांच्या फोनमधील फक्त एका फाइलीचा प्रवेश होता. हरवणाऱ्या प्रवेशावरचा उपाय मोठी परवानगी हा नाही. नेमका परवाना मागा, तो उचला, तपासा आणि काम संपल्यावर परत द्या.

स्वाध्याय

१. परवानगी आणि परवाना यांतील फरक स्वतःच्या शब्दांत, एका उदाहरणासह लिहा.

२. एक छोटे ॲप बनवून त्यात एक मजकूर फाइल निवडा. पुढील प्रत्येक कृतीनंतर ती उघडते का, याचा तक्ता तयार करा : ॲप बंद करणे, फोन पुन्हा सुरू करणे, फाइलीचे नाव बदलणे, ॲपचा डेटा पुसणे. टिकाऊ परवाना घेऊन आणि न घेता, असे दोन्ही प्रकारे करून पाहा.

३. एका ॲपला ६०० पीडीएफ फाइली रोज वाचायच्या आहेत. एकेक फाइल निवडून टिकाऊ परवाना घेतला तर काय होईल? तुम्ही कोणती रचना सुचवाल?

४. तुमच्या फोनमधील कोणत्याही एका ॲपला दिलेल्या परवानग्या पाहा. त्या ॲपच्या कामाला कोणत्या खरोखर लागतात आणि कोणत्या काढता येतील, ते कारणांसह लिहा.